मुंबईच्या चाळी आणि त्यांत गुंतलेला पैसा

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी मराठींत म्हण आहे. घर ही माणसानें आयुष्यांत एकदां, स्वतःला आणि मुलाबाळांना राहावयासाठीं बांधावयाची वस्तु आहे, असें ह्या म्हणींत गृहीत धरलेलें आहे. कोंकणांतल्या वाडीला किंवा देशावरच्या गांवाला तें शोभतें. मुंबई शहरानें मात्र हें गृहीत उलटें करून टाकिलें. येथें घर बांधणारा एक आणि त्यांत राहणारा दुसरा, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वींच नित्याची होऊन बसली. सोनें घ्यावें, सावकारी करावी, गिरणीचे भाग घ्यावे, त्याचप्रमाणें एखादी इमारत उठवावी आणि तिचें भाडें व्याजासारखें दरमहा जमा करावें, हा पेढीवाल्याचा, व्यापाऱ्याचा, आणि चार पैसे शिल्लक पडलेल्या नोकरदाराचाहि, प्रतिष्ठेचा उद्योग होता.

ह्या उद्योगाचा इतिहास चाळून पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हां दृष्टीस पडते. नव्या इमारतींत घातलेल्या पैशाचा नफातोटा विटांनीं आणि चुन्यानें क्वचितच ठरविला. आंत राहणाऱ्या माणसाची ऐपत, आणि मालक व भाडेकरू ह्यांच्या मध्यें उभा असलेला कायदा, ह्या दोन गोष्टींनीं तो ठरविला. ज्यांनीं केवळ जागेचा भाव पाहिला त्यांतले पुष्कळ फसले. आणि ज्या काळांत मालकाचा हिशेब व भाडेकरूचा हिशेब एकमेकांपासून तुटले, त्या काळाची किंमत पैशांबरोबर माणसांच्या प्राणांनींहि चुकती करावी लागली.

आरंभ कापसापासून करावा लागतो. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाला पूर्वीं कधीं आला नव्हता असा भाव आला. चार वर्षांत शहरांत इतका पैसा आला कीं, तो ठेवावा कोठें हें लोकांना कळेना. शहराला जागा अपुरी पडत होती, म्हणून समुद्र हटवून नवी जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकीं बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पांच हजार रुपयांच्या भागाची किंमत बाजारांत पन्नास हजारांच्या घरांत गेली. प्रेमचंद रायचंद हे ह्या साऱ्या उलाढालीचे सूत्रधार मानले जात. जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती, तिच्यावर पुढें केव्हां तरी उठणाऱ्या इमारतींचें उत्पन्न लोक आधींच मोजूं लागले होते. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतलें युद्ध आटोपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशीं देणीं चुकविण्यास पुष्कळांजवळ कांहीं उरलें नाहीं.

ह्या कोसळण्याची खूण शिरगणतीच्या आंकड्यांत सांपडते. १८६४ मध्यें शहराची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या सुमारास माणसें कमी झालीं. कापसाबरोबर आलेलें माणूस कापसाबरोबर निघून गेलें. एवढीं बिऱ्हाडें उठल्यावर नव्या खोल्यांच्या भाड्याचें काय झालें असेल हें निराळें सांगावयास नको. जागा जेथल्या तेथें राहते, पण तिला भाव देणारा माणूस तेथें राहीलच असें नाहीं, हा ह्या प्रकरणाचा पहिला धडा.

तरीहि शहर पुन्हां भरलें, आणि तें भरलें गिरण्यांमुळें. कावसजी दावर ह्यांनीं १८५४ मध्यें स्थापिलेली कापडाची पहिली गिरणी १८५६ मध्यें ताडदेव येथें सुरू झाली होती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ ह्या पट्ट्यांत धुराड्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणें ह्या जिल्ह्यांतून माणसें कामाला येऊं लागलीं. दक्षिणेकडे गिरगांवांत कारकून, मास्तर, छापखान्यांतले जुळारी, सरकारी कचेरींतले नोकर ह्यांची वस्ती वाढली. गिरगांव हा मूळचा माडांच्या बागांचा आणि मळ्यांचा मुलूख. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, खेतवाडी हीं नांवें आजहि त्याची साक्ष देतात. ह्या वाड्यांचे मालक पाठारे प्रभु असोत किंवा दुसरे कोणी असोत, नारळाच्या उत्पन्नापेक्षां भाड्याचें उत्पन्न पुष्कळ अधिक, हें त्यांना कळावयास वेळ लागला नाहीं. झाडें गेलीं, नांवें राहिलीं, आणि वाडींत चाळ आली.

चाळीची रचना हा वास्तुशास्त्राचा विषय समजला जातो. वस्तुतः तो अंकगणिताचा विषय आहे. जमिनीचा भाव भारी आणि भाडेकरूची मिळकत थोडी. मग एका बिऱ्हाडाच्या वांट्याला कमींत कमी किती बांधकाम घातलें म्हणजे त्याला भाडें परवडेल आणि मालकाच्या पैशाला व्याज सुटेल, हें त्रैराशिक सोडवितां सोडवितां चाळ जन्मास आली. दहा-बारा फुटांची एक खोली, तिच्या कोपऱ्यांत मोरी. अशा खोल्यांची एक ओळ. ओळीच्या बाहेरून जाणारी सामाईक गॅलरी. एक किंवा दोन जिने. आणि प्रत्येक मजल्याच्या टोंकाला नळ व संडास. नळ, जिना आणि संडास हा खर्चाचा भाग. तो जितक्या अधिक बिऱ्हाडांत वांटला जाईल तितका मालकाचा लाभ अधिक. लांकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यांत विटांची भरणी आणि वर कौलें, असें बांधकाम झटपट उरकत असे आणि पहिल्या महिन्यापासून भाडें सुरू होत असे.

भाडेकरूनें ह्या हिशेबी वस्तूचें आपल्या परीनें घर केलें. गिरणगांवांत कुटुंब गांवीं ठेवून आलेले गडी मिळून एक खोली घेत आणि गिरणीच्या पाळीप्रमाणें तीच पथारी आळीपाळीनें वापरीत. गिरगांवांत एका खोलींत तीन पिढ्या नांदत. १८९३ मध्यें गिरगांवांतल्या केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव बसला. खोली मालकाची असली तरी शेजार भाडेकरूंचा स्वतःचा होता, आणि पुढें कायद्याच्या झगड्यांत हा शेजारच भाडेकरूची मोठी शक्ति ठरला. ह्या वस्तीचें प्रमाण किती मोठें होतें तें पाहावयाचें तर १९११ ची शिरगणती पाहावी. तेव्हां दर दहा मुंबईकरांपैकीं जवळजवळ सात माणसें एकखणी बिऱ्हाडांत राहत होतीं.

परंतु ज्या हिशेबांत दाटी हाच नफा, त्या हिशेबांत रोगाला जागा आपोआप मिळते. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. पुढच्या कांहीं महिन्यांत शहरांतील लाखों माणसें गांवीं पळालीं. रिकाम्या चाळींच्या दारांवर रोगाच्या खुणा रंगविलेल्या, आणि भाडें मागावें तर आंत माणूस नाहीं, अशी मालकांची अवस्था झाली. दाट वस्तींतून निघणारें उत्पन्न त्या दाटीमुळेंच एका हंगामांत नाहींसें होऊं शकतें, हें त्या वर्षीं मालकांना दिसलें.

सरकारनें ह्यावर काढलेला उपाय म्हणजे १८९८ चा सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट. ह्या मंडळानें नागपाड्यासारखे कोंदट भाग मोकळे केले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते जुन्या वस्तींतून काढले, त्या रस्त्यांच्या कडेचे भूखंड इमारतींसाठीं भाडेपट्ट्यानें दिले आणि कांहीं ठिकाणीं गरिबांसाठीं स्वतःच्या चाळीहि बांधल्या. सँडहर्स्ट रोड पुढें सरदार वल्लभभाई पटेल ह्यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. खालीं दुकानें आणि वर बिऱ्हाडें अशा ज्या भरभक्कम इमारती ह्या रस्त्यांवर दिसतात, त्या त्या काळच्या गुंतवणुकीच्या आहेत.

ह्या कार्यक्रमांत एक विपरीत गोष्ट होती. जुनें घर ताब्यांत घेतांना त्याची भरपाई त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावर ठरे. अर्थात् ज्यानें खोल्या कोंबून भरल्या त्याला भरपाई अधिक आणि ज्यानें हवा-उजेड राखला त्याला कमी! ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनीं ह्याविरुद्ध पुष्कळ लेखन व भाषणें केलीं आणि दोन इमारतींमध्यें किती अंतर असावें ह्यासाठीं उजेडाच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढें मांडला. शिवाय आरंभीं जितकीं घरें पाडलीं तितकीं बांधलीं गेलीं नाहींत. उठविलेलीं माणसें शेजारच्या गल्लींत शिरलीं, तेथली दाटी वाढली आणि तेथल्या मालकांचें भाडें चढलें. सुधारणा एका गल्लींत झाली आणि तिचा लाभ पलीकडच्या गल्लींतल्या घरमालकाला झाला.

पहिल्या महायुद्धांत बांधकामाचें सामान महागलें, नवीं घरें थांबलीं आणि कामगार मात्र येत राहिले. भाडीं भराभर वाढूं लागलीं, तेव्हां १९१८ मध्यें सरकारनें मुंबईंत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. युद्धकाळापुरता म्हणून आलेला हा कायदा पुढच्या दशकांत मागें घेण्यांत आला, परंतु भाडें ही दोन माणसांमधली खाजगी बाब आहे ही समजूत त्यानें कायमची मोडली.

त्याच सुमारास सरकार स्वतःच बांधकामाच्या धंद्यांत उतरलें. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या काळांत, १९२० मध्यें, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडण्यांत आलें. पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या आणि त्यासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया पट्टी बसवावयाची, अशी योजना होती. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी झाल्या आणि खोल्या झाल्या सोळा हजारांच्या वर. ह्याच बी. डी. डी. चाळी. बांधकाम सिमेंट-काँक्रिटचें, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. बांधकामाच्या खर्चाच्या मानानें भाडें घ्यावें तर मजुराला तें देववेना, आणि वरळी त्या काळीं गिरणीपासून व बाजारापासून दूर वाटे. शहरांत घरांची टंचाई असतांनाहि वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडून होत्या. टंचाई असली म्हणजे घर खपतेंच, असा जो सामान्य समज आहे, त्याला हें चांगलें उत्तर आहे. गरज आणि ऐपत ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भाडें येतें तें ऐपतींतून.

मध्यमवर्गानें ह्यांतून दोन वाटा काढल्या. एक वाट ट्रस्टनें आंखलेल्या दादर-माटुंग्याच्या नव्या वस्तींतली. तेथें तीन-चार मजल्यांच्या इमारतींत स्वतंत्र न्हाणीघर आणि स्वतंत्र संडास असलेले ‘ब्लॉक’ भाड्यानें मिळूं लागले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत शिवाजी पार्कभोंवतीं आणि मरीन ड्राइव्हवर अशाच इमारती उभ्या राहिल्या. दुसरी वाट सहकाराची. रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी ह्यांच्या प्रयत्नानें १९१५ मध्यें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. ह्या पद्धतींत राहणारे सारे मिळून मालक. पैसा घालणारा आणि राहणारा हे एकच झाल्यामुळें, दुरुस्ती कोणी करावयाची हा प्रश्न त्यांच्यापुढें निदान भांडणाच्या रूपानें तरी उभा राहिला नाहीं. त्या काळीं ही वाट थोड्यांनींच धरली. ती किती शहाणपणाची होती हें पुढें चाळीस-पन्नास वर्षांनीं कळलें.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्यें, भाडेनियंत्रण पुन्हां आलें. १९४४ मध्यें तें अधिक व्यापक झालें, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें त्याला पक्कें रूप दिलें. हा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण भाडें. आणि जें घर त्यानंतर भाड्यानें गेलें, त्याचें पहिलें भाडें तेंच प्रमाण भाडें, असा त्याचा गाभा होता. त्या वेळची परिस्थिति पाहिली तर ह्या कायद्याला दोष देतां येत नाहीं. युद्धानें घरबांधणी थांबलेली, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरांत आलेले. कायदा नसता तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. भाडेकरूच्या डोक्यावरचें छप्पर ह्या कायद्यानें राखलें, हें त्याचें मोठें उपकारक कार्य होय.

परंतु तात्पुरत्या संकटासाठीं केलेला हा कायदा मुदतीवर मुदत मिळून पन्नास वर्षें टिकला, आणि त्याबरोबर १९४० चें भाडेंहि टिकलें. ह्याचा परिणाम एका साध्या उदाहरणानें ध्यानांत येईल. समजा, चाळीस सालीं एका चाळींत वीस खोल्या आहेत आणि दर खोलीस दहा रुपये भाडें आहे. वर्षाचें उत्पन्न चोवीसशे रुपये. त्या काळीं ह्या रकमेंत कर भरून, कौलें चाळून, रंग-सफेदी करून मालकाला बरी शिल्लक राहत असे. पन्नास वर्षांनीं कराची वाढ तेवढी भाडेकरूकडून घेतां येई, परंतु मूळ भाडें चोवीसशेच; आणि चोवीसशे रुपयांत एका जिन्याच्या पायऱ्याहि नीट बदलतां येईनात. मालक दुरुस्ती करीना, कारण तिचा खर्च भाड्यांतून कधींच वसूल होणार नव्हता. भाडेकरू करीना, कारण घर त्याचें नव्हतें. सागाची तुळई मात्र कायदा वाचीत नाहीं. ती पावसाळ्यागणिक कुजत राहिली.

ह्या गोठलेल्या भाड्यांतून पागडी वाढली. खोलीचें खरें मोल आणि तिचें भाडें ह्यांत जसजसें अंतर पडलें, तसतसा खोली सोडून जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेऊं लागला आणि भाडेपावती नांवावर करून देण्यासाठीं मालक तींत हिस्सा घेऊं लागला. कायद्यानें ही रक्कम निषिद्ध होती, तरी शहरांतील कोणाहि गृहस्थाला ती ठाऊक होती. भाडेकरूचा हक्क ही अशा रीतीनें एक विकाऊ मिळकत बनली. इमारत एकाची, तिच्यांतलें मोल दुसऱ्याचें, आणि तिची काळजी कोणाचीच नाहीं, अशी विलक्षण स्थिति उत्पन्न झाली.

नवीन पैसा घालणाऱ्यानें ह्यापासून घ्यावयाचा तो बोध घेतला. भाड्यासाठीं इमारत बांधणें जवळजवळ बंद पडलें. सदनिका बांधावयाची आणि ती एकदम विकून मोकळें व्हावयाचें, हा ‘ओनरशिप’चा प्रकार आला. त्याला शिस्त लावण्यासाठीं १९६३ मध्यें महाराष्ट्र सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याच्यापाशीं एकरकमी पैसा नाहीं त्या माणसासाठीं शहराच्या मध्यवस्तींत नवें घर उरलें नाहीं. त्याला उपनगर किंवा झोपडी.

जुन्या इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ मध्यें इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. बेट-शहरांतील जुन्या इमारतींवर उपकर बसवावयाचा आणि त्यांतून सरकारी मंडळानें दुरुस्ती करावयाची, अशी व्यवस्था ठरली. अशा उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. त्यांपैकीं १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० च्या पूर्वींच्या होत्या. एवढ्या संसाराला उपकराचा पैसा कसा पुरावा? मंडळानें टेकू दिले, तुळया बदलल्या, कोठें नवी इमारतहि बांधून दिली. ज्यांच्या इमारती गेल्या त्यांपैकीं कित्येकांना संक्रमण शिबिरांत पाठविलें. दोन-चार वर्षांसाठीं म्हणून तेथें गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांचीं तेथेंच लग्नें होऊन नातवंडेंहि झालीं.

शेवटीं न्यायालयाला बोलावें लागलें. १९ डिसेंबर १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चाळीस सालचें भाडें गोठवून ठेवणें आतां अन्यायाचें व अवाजवी झालें आहे. जुन्या कायद्याची मुदत लौकरच संपत असल्यामुळें न्यायालयानें तो रद्द मात्र केला नाहीं. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें भाडें दरसाल चार टक्क्यांनीं वाढविण्याची मुभा दिली आणि पागडीला कायद्याची मान्यता दिली. चार टक्के हा आंकडा ऐकावयास बरा वाटतो. परंतु दहा रुपयांचे वीस व्हावयास त्यानें अठरा वर्षें लागतात. दुरुस्तीचा प्रश्न त्यानें सुटण्यासारखा नव्हता.

तो सोडविण्याचा भार पडला निराळ्याच नियमावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास अधिक बांधकामाची सवलत देण्यांत आली. बेट-शहरांत भूखंडाच्या १.३३ पट बांधकामाची सर्वसाधारण मर्यादा होती. ह्या योजनेंत ती टप्प्याटप्प्यानें तीनपट झाली. मूळच्या भाडेकरूंना त्याच जागेवर मालकीची सदनिका फुकट द्यावयाची, तिचें किमान क्षेत्र आरंभीं सवादोनशे चौरस फूट व पुढें तीनशे. आणि उरलेलें बांधकाम बाजारांत विकून खर्च व नफा काढावयाचा. आरंभीं सत्तर टक्के भाडेकरूंची संमति लागे. पुढें ही अट एक्कावन्न टक्क्यांवर आली. चाळीच्या जन्मींचें त्रैराशिक येथें उलटें झालें. पूर्वीं भाडेकरूच्या ऐपतीवरून इमारत ठरे. आतां बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराच्या ऐपतीवरून ठरूं लागली.

त्याच काळांत गिरणगांवाचें रूप पालटलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्या नाहींत. त्यांच्या जमिनींवर १९९१ च्या आणि २००१ च्या नियमांनुसार मनोरे उठले. लालबाग-परळच्या कौलारू चाळींच्या शेजारीं चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती आल्या आणि त्यांतील सदनिका पुष्कळांनीं राहण्यासाठीं न घेतां भाव वाढेल म्हणून घेऊन ठेविल्या. २०११ च्या जनगणनेंत बृहन्मुंबईंत साडेचार लाखांहून अधिक घरें रिकामीं आढळलीं. ज्या शहरांत एका खोलींत तीन पिढ्या राहतात, त्याच शहरांत एवढीं कुलुपें!

ज्या चाळींना बांधणारा मिळाला नाहीं, किंवा मिळूनहि मालक व भाडेकरू ह्यांचें एकमत झालें नाहीं, त्यांची गोष्ट पावसाळ्यांत कळते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांत पाकमोडिया स्ट्रीटवरील इमारत पडून तीसहून अधिक माणसें दगावलीं. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेंत होती; पाडण्याआधींच ती पडली. १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरींत दुसरी इमारत कोसळली. गोठलेल्या भाड्याचा जमाखर्च कागदावर कसाहि मांडला, तरी त्याची शेवटची बेरीज अशा ठिकाणीं होते.

खरेदीदाराचीहि बाजू आहे. अर्ध्या बांधलेल्या मनोऱ्यांतली सदनिका हप्त्यानें घ्यावी, कर्जाचें व्याज सुरू व्हावें आणि ताबा वर्षानुवर्षें मिळूं नये, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांनीं घेतला. काम अडलें म्हणजे खरेदीदाराबरोबर मूळचा भाडेकरूहि अडकतो, कारण विकासकानें द्यावयाचें तात्पुरत्या जागेचें भाडें थांबतें. १ मे २०१७ पासून स्थावर संपदा नियमनाचा केंद्रीय कायदा पूर्णपणें अमलांत आला. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यांत ठेविली पाहिजे, प्रकल्पाची नोंदणी केली पाहिजे आणि ताब्याची तारीख जाहीर केली पाहिजे, हीं बंधनें त्यानें घातलीं. १८६५ मध्यें पाण्याखालच्या जमिनीचे भाग घेणाऱ्याला असें कोणतेंहि संरक्षण नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या बंधनांचें मोल कळतें.

ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या कांहीं शेंकडों कुटुंबांना नव्या इमारतींतील पांचशे चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलींतून पांचशे फुटांच्या मालकीच्या घरांत जाणें ही शंभर वर्षांच्या वनवासानंतरची आनंदाची गोष्ट आहे. परंतु उंच इमारतीला उद्वाहन, पंप, आग विझविण्याची यंत्रणा ह्यांचा खर्च दरमहा असतो, आणि तो कौलें चाळण्याच्या खर्चासारखा लहान नसतो. तो खर्च आंत राहणाऱ्या कुटुंबाच्या मिळकतीला झेपला तर ही घरें टिकतील. न झेपला तर चाळीची कहाणी अधिक उंचीवर पुन्हां सुरू होईल.

शहराच्या मध्यवस्तींतील नव्या इमारतींत पैसा घालूं इच्छिणारा गृहस्थ बहुधा दोन गोष्टी विचारतो: दर काय आणि वाढेल किती. मुंबईचा इतिहास त्याला आणखी तीन प्रश्न विचारावयास सांगतो. ह्या जागेवर पूर्वीं कोण राहत होतें आणि त्याला त्याचें घर मिळालें कीं नाहीं? येथें राहावयास येणाऱ्या माणसाला हें घर चालविण्याची ऐपत आहे काय? आणि पंचवीस वर्षांनीं गच्ची गळूं लागली म्हणजे ती दुरुस्त करण्याचें कर्तव्य कायद्यानें कोणाचें आहे आणि तें पार पाडण्यास त्याच्यापाशीं पैसा कोठून येणार आहे? ज्या इमारतींत ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळतात, तेथें घातलेला पैसा सावकाश कां होईना, पण फळास येतो. जेथें तीं मिळत नाहींत, तेथें दर कितीहि चढो, मागल्या गल्लींतल्या टेकू दिलेल्या चाळीकडे एकदां पाहून मगच सही करावी.